पंप धुतलेलं पाणी

मृगाचा पहिला दणका बसला की कोकणात आणि घाटाच्या पायथ्याला ओढ्याओहोळांतून मासे वर चढायला लागतात. कुणी याला वलगण म्हणतं, कुणी चढणीचे मासे. उन्हाळाभर नदीच्या डोहात तग धरून राहिलेली मादी अंडी टाकायला नव्यानं भरलेल्या उथळ पाण्यात येते. भातखाचरात, बांधालगतच्या चरीत, ओहोळाच्या काठच्या गवतात. तिथं मोठे शिकारी मासे कमी आणि पिल्लांना खायला भरपूर.

नेमक्या याच आठवड्यांत शिवारातलं रसायनही वाहायला मोकळं असतं. बांधावर तणनाशक मारून झालेलं असतं, भाताच्या रोपांवर फवारा बसलेला असतो, सुपारीच्या बागेत कोळेरोगासाठी मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण चाललेलं असतं. घाटावर कपाशीचं बियाणं कीटकनाशकाचा लेप घेऊन मातीत गेलेलं असतं. अंड्यावर आलेली मासळी आणि शेतातलं विष एकाच पावसाच्या पाण्यात समोरासमोर येतात, तेही अशा वेळी, की माशाच्या आयुष्यातली सर्वांत नाजूक अवस्था, म्हणजे अंडं आणि नुकतं फुटलेलं पिल्लू, त्या पाण्यात उघड्यावर असते.

कीटकनाशकांविषयी आपण बोलतो ते माणसाच्या जिवाच्या काळजीनं. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, तेव्हा ते बोलणं भाग होतं आणि आजही आहे. पण ओढ्यातल्या जिवांचं माप आपल्या मापापेक्षा इतकं बारीक आहे, की शेतात अगदी बेतानं वापरलेलं औषधही तिथं अतोनात ठरू शकतं. हे माप एकदा हिशेब करूनच पाहिलं पाहिजे.

सायपरमेथ्रिन 10 टक्के हे औषध लिटरमागे एक मिली घेतलं, तर पंपातल्या प्रत्येक लिटर द्रावणात 100 मिलिग्रॅम मूळ कीटकनाशक असतं. फवारणी संपल्यावर 16 लिटरच्या पंपाच्या तळाशी, नळीत आणि नोझलपर्यंत मिळून समजा अर्धा लिटर द्रावण उरलं. त्यात 50 मिलिग्रॅम. मासे मरायला सायपरमेथ्रिनचे लिटरमागे काही मायक्रोग्रॅम (मिलिग्रॅमचा हजारावा भाग) पुरतात, ट्राउटसारख्या नाजूक जातींत तर एक-दोनच. लिटरमागे एक मायक्रोग्रॅम धरलं, तर ते उरलेलं अर्धा लिटर 50,000 लिटर पाण्याला पुरतं. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि मीटरभर खोल असा एक डोह. उन्हाळ्यात गावाजवळचा ओढा आटला, की मागं राहतो तो साधारण एवढाच डोह, आणि खालच्या अंगाचे सगळे मासे त्यातच गोळा झालेले असतात. झिंगे, डॅफ्निया (पाणपिसवा), खेकड्यांची पिल्लं यांना याच्या दहाव्या हिश्श्यातही त्रास होतो. 25 टक्के औषधाच्या रिकाम्या बाटलीच्या आत एक मिली जरी चिकटून राहिलं, तरी ते 250 मिलिग्रॅम झालं. ती बाटली ओढ्यात भिरकावली, तर हिशेब अडीच लाख लिटरवर जातो.

हा हिशेब कागदावरचा आहे आणि त्याला एक मर्यादा आहे. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, लॅम्बडा-सायहॅलोथ्रिन ही पायरेथ्रॉइड गटातली औषधं पाण्यात राहायला नाखूश असतात. मातीचा कण, कुजकं पान, शेवाळ, जे मिळेल त्याला ती काही तासांत चिकटतात. त्यामुळे गढूळ पाण्यातले मासे कधी कधी वाचतात. पण औषध नाहीसं होत नाही, तळाच्या गाळात जाऊन बसतं आणि गाळात राहणाऱ्या अळ्या, कृमी, शिंपले यांच्या वाट्याला येतं. नितळ पाण्यात मात्र ही सवलत नाही. मार्च-एप्रिलमधल्या स्वच्छ डोहात पंप धुणं हे आषाढातल्या गढूळ पाण्यात धुण्याहून कितीतरी घातक.

जे औषध गाय, कोंबडी, माणूस बऱ्यापैकी पचवू शकतात, ते माशाला इतकं का लागावं? एक कारण त्याच्या यकृतात आहे. सस्तन प्राण्यांचं आणि पक्ष्यांचं यकृत पायरेथ्रॉइडचे रेणू झपाट्यानं तोडतं. माशाचं यकृत हे काम फार हळू करतं. दुसरं कारण कल्ल्यांत आहे. एक लिटर हवेत सुमारे 270 मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. 30 अंश तापमानाच्या पाण्यात, ते काठोकाठ हवा मुरलेलं असलं तरी, लिटरला जेमतेम साडेसात मिलिग्रॅम. म्हणजे तेवढाच ऑक्सिजन मिळवायला माशाला आपल्यापेक्षा पस्तीसपट आकारमान कल्ल्यांवरून न्यावं लागतं. कल्ल्याची कातडी काही मायक्रॉन जाडीची, तिच्याखाली लगेच रक्त. तेलात विरघळणारं कुठलंही रसायन त्या पातळ पडद्यातून आरपार जातं. पाणी जितकं कोमट, तितका ऑक्सिजन कमी, तितका श्वास जोरात आणि तितकं विषही जास्त. आत गेलेलं पायरेथ्रॉइड मज्जातंतूंतली सोडियमची दारं उघडी धरून ठेवतं. तंतू थांबायचं विसरतो, मासा गोल गोल फिरतो, अंगाला झटके येतात, मग तो कुशीवर पडतो. क्लोरपायरिफॉससारख्या ऑर्गॅनोफॉस्फेट औषधांची वाट निराळी: ती अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर बंद पाडतात, स्नायूंना मिळालेला हुकूम मागे घेताच येत नाही. अशा माशाचे छातीचे पर पुढच्या बाजूला ताठ झालेले दिसतात. मासा जगला-वाचला तरी मेंदूतलं ते विकर पूर्ववत व्हायला आठवडे लागतात, आणि त्या आठवड्यांत तो धड पोहत नाही, धड खात नाही, बगळ्याला चुकवू शकत नाही.

इथं बाटलीवरच्या त्रिकोणाविषयी स्पष्ट बोलायला हवं, कारण त्यावरून मोठा गैरसमज आहे. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग उंदरांना तोंडावाटे दिलेल्या मात्रेवरून ठरलेले आहेत. किलो वजनामागे 50 मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रेत निम्मे उंदीर मरत असतील तर लाल. 5,000 मिलिग्रॅमच्या वर गेलं तर हिरवा. तो रंग फवारणाऱ्याच्या जिवासाठी आहे आणि त्यासाठी तो उपयोगीच आहे. ओढ्याबद्दल तो काहीही सांगत नाही. क्लोरअँट्रानिलिप्रोलचं उदाहरण घ्या. भातावरच्या खोडकिडीसाठी, उसासाठी, भाजीपाल्यासाठी ते सर्रास वापरलं जातं, त्रिकोण हिरवा, आणि माणसाच्या दृष्टीनं ते जुन्या औषधांहून खरोखरच पुष्कळ बरं आहे. पण पाण्यातल्या डॅफ्नियांपैकी निम्म्यांची हालचाल 48 तासांत बंद पाडायला त्याचे लिटरमागे सुमारे 12 मायक्रोग्रॅम पुरतात. त्यामुळे ‘हिरव्या त्रिकोणाचं आहे, चालतंय’ हे वाक्य शेतात खरं आणि पाटाच्या कडेला खोटं ठरतं. पाण्यासाठी लेबलावरचा बारीक मजकूरच वाचावा लागतो. मासे आणि जलचरांना विषारी, जलाशयात जाऊ देऊ नये, अशा अर्थाची ओळ तिथं सापडते, बहुतेकदा सगळ्यात लहान अक्षरांत.

आणि चाचण्यांतही एक मोठी फट आहे. जलचरांवरची प्रमाण चाचणी बहुतेकदा मासा, डॅफ्निया आणि शेवाळ या तिघांवर होते. कपाशीच्या बियाण्यावरच्या लेपात असणारं इमिडाक्लोप्रिड या तिघांच्या परीक्षेत सहज पास होतं: माशांना आणि डॅफ्नियाला त्रास व्हायला लिटरमागे दहा-दहा मिलिग्रॅमच्या पलीकडची मात्रा लागते. मात्र दगडाखाली राहणाऱ्या मेफ्लाय या पाणकिड्याच्या अळ्यांना मायक्रोग्रॅमच्या हिशेबातच ते जड जातं, म्हणजे हजारो पटींनी कमी मात्रेत. पुन्हा हे औषध सायपरमेथ्रिनसारखं मातीला घट्ट धरून बसत नाही. लिटरभर पाण्यात ते अर्ध्या ग्रॅमहून जास्त विरघळतं. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात पडलेल्या हातभर खोल भेगा पहिल्या पावसात बुजायच्या आत पाणी त्यांतून सरळ खाली जातं, आणि विरघळलेलं औषध त्याच्यासोबत नाल्यापर्यंत पोचतं. बियाण्यावरचा लेप जमिनीत गाडलेला असतो, म्हणून तो तिथंच राहतो असं समजायचं कारण नाही.

मासा मरत नसेल तर बिघडलं कुठं, असं विचारणाऱ्यांनी जपानमधल्या शिनजी सरोवराकडे पाहावं. शिमाने प्रांतातलं हे मचूळ पाण्याचं सरोवर भातशेतीच्या खालच्या अंगाला आहे. 1993 मध्ये त्या भागातल्या भातावर निओनिकोटिनॉइड गटातली औषधं सुरू झाली. इमिडाक्लोप्रिड त्याच गटातलं. मासुमी यामामुरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाण्याच्या, सूक्ष्म प्राण्यांच्या आणि मासेमारीच्या जुन्या नोंदी एकत्र मांडल्या. 1993 नंतर सरोवरातले सूक्ष्म प्राणी एकदम घटले, आणि त्यांवर जगणाऱ्या वाकासागी या छोट्या माशाचं वार्षिक उत्पादन आधीच्या बारा वर्षांतल्या सरासरी 240 टनांवरून नंतर 22 टनांवर आलं. ईलची मासळीही घसरली. मेलेल्या माशांचा खच असा कुठं दिसला नव्हता. मासा उपाशी राहिला, एवढंच. दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं लगेच सिद्ध होत नाही, हे खरं. पण इतकी लांबलचक नोंद फार थोड्या ठिकाणी ठेवलेली असते, आणि तिच्यातली ही जुळणी नजरेआड करण्याजोगी नाही. आपल्याकडे भातखाचरं आणि खाड्या यांचं नातं असंच आहे. नोंदी मात्र तशा ठेवलेल्या नाहीत.

बोर्डो मिश्रण हा आणखी एक विषय, ज्याकडे सेंद्रिय शेतीवालेही डोळेझाक करतात. एक टक्का बोर्डो म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि 100 लिटर पाणी. पानावर ते उत्तम काम करतं. पण मोरचुदातलं तांबं माशाच्या कल्ल्यांतून मीठ आत घेण्याची यंत्रणा रोखतं, आणि मासा अंगातलं सोडियम गमावत जातो. पाणी जड असेल तर त्यातला कॅल्शियम कल्ल्यांना थोडं राखतो. कोकण-गोव्यातल्या जांभ्या दगडातून झिरपलेलं पाणी मऊ असतं, त्यात हे संरक्षण नाही. आणि सुपारीच्या बागेतून, कुळागरातून पाणी पाटानंच फिरतं. मिश्रणाचं पिंप पाटाच्या काठावर ठेवलं, तर जे सांडेल ते थेट खालच्या ओहोळात. चुना कमी पडला तर मोकळं तांबं जास्त राहतं, म्हणून मिश्रण झाल्यावर घासलेलं लोखंडी पातं किंवा खिळा त्यात मिनिटभर बुडवून पाहण्याची जुनी रीत आहे. पात्यावर तांबूस थर चढला, तर अजून चुना हवा. पानं करपू नयेत म्हणून केलेली ही तपासणी ओहोळातल्या माशांच्याही कामी येते.

कीटकनाशकांपेक्षा ढोबळ, पण एका रात्रीत टनावारी मासे मारणारं कारण म्हणजे पाण्यातला ऑक्सिजन संपणं. कोल्हापूर-सांगलीकडे उन्हाळ्यात नदीवर मेलेले मासे तरंगतात आणि वर्तमानपत्रांत मळीमिश्रित पाण्याच्या बातम्या येतात, ते हेच. मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या काळ्या सांडपाण्याची जैविक ऑक्सिजन मागणी (बीओडी), म्हणजे ते कुजताना खाणारा ऑक्सिजन, लिटरमागे 40 ते 50 हजार मिलिग्रॅम असते. घरगुती सांडपाण्याची दोनशे-तीनशे. 45,000 धरली, तर असं एक लिटर सांडपाणी कुजता कुजता सहा हजार लिटर चांगल्या पाण्यातला सगळा ऑक्सिजन खाऊन टाकतं. पंचगंगेसारख्या नदीत यावर बंधाऱ्यांची भर पडते. कोल्हापुरी बंधाऱ्यात बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले, की मागं पाणी तुंबतं, त्यात शहरांचं आणि कारखान्यांचं पाणी मुरतं, तळ कुजतो. मग एके दिवशी बरगे निघतात आणि ते ऑक्सिजन नसलेलं पाणी एकगठ्ठा खालच्या डोहात उतरतं. म्हणून मेलेले मासे एका बंधाऱ्याखाली दिसतात आणि घाण कुठल्या तरी वेगळ्याच जागी मिसळलेली असते. बरगे सगळे एकदम न काढता थोडे थोडे काढणं, आणि वरून ताजं पाणी येत असताना काढणं, एवढ्यानंही पुष्कळ मासे वाचतात.

मासे कशानं मेले हे पहिल्या दोन तासांत पुष्कळसं कळतं, नंतर फक्त वास उरतो. ऑक्सिजन संपला असेल, तर घटना पहाटेची असते, कारण रात्रभर शेवाळंही श्वासच घेत असतं. आधी मोठे मासे जातात. तोंड उघडं, कल्ल्यांची झाकणं फाकलेली. लहान मासे काठाच्या उथळ पाण्यात वरच्या थरातून घोट घेत असतात. मरळ, मागूर, शिंगी हे हवा घेऊ शकणारे मासे टिकून असतात, खेकडे काठावर चढलेले दिसतात. कीटकनाशक असेल तर वेळेचं बंधन नाही, बरेचदा ते दुपारचं. आधी झिंगे आणि पाणकिडे, मग लहान मासे, आणि मरळही सुटत नाही. मासे गिरक्या घेतात, उसळी मारून काठावर पडतात, काहींचा कणा वाकलेला असतो. कल्ले तपकिरी दिसले तर नायट्राइटचा संशय घ्यावा.

पाण्यातला ऑक्सिजन जागेवर पकडून ठेवता येतो, त्याला महागडं यंत्र लागत नाही. 300 मिलीची काचेची बीओडी बाटली बुडबुडा न येऊ देता पाण्याखाली भरायची. पिपेटचं टोक पाण्याच्या पातळीखाली नेऊन आधी एक मिली मँगनीज सल्फेट, मग एक मिली अल्कलाइन आयोडाइड-अझाइड सोडायचं, बूच बसवून बाटली उलटसुलट करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी गाळ खाली बसतो, आणि जितका जास्त असेल तितका तो गडद. गाळ पांढराच राहिला, तर त्या पाण्यात श्वास घ्यायला काही नाही, हे काठावरच्या प्रत्येकाला उघड्या डोळ्यांनी दिसतं. नेमका आकडा मग प्रयोगशाळेत आम्ल घालून, थायोसल्फेटनं काढता येतो. कीटकनाशकासाठी मात्र वेगळा नमुना: गडद काचेची एक लिटरची बाटली, काठोकाठ भरलेली, झाकणाखाली अ‍ॅल्युमिनियम फॉइल, आणि बर्फात. प्लॅस्टिकच्या बाटलीच्या भिंतीला पायरेथ्रॉइड चिकटून बसतं आणि अहवालात ‘आढळले नाही’ असं येतं. नमुने तीन जागांचे हवेत: संशयित जागेच्या वरचा, जागेवरचा, खालचा. मासा घ्यायचा तो तडफडणारा किंवा नुकता मेलेला, फॉइलमध्ये गुंडाळून बर्फात. फुगलेल्या माशातून काही निघत नाही. प्रत्येक नमुन्यावर वेळ लिहिलेली हवी. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे लोक पोचेपर्यंत पाणी काही किलोमीटर पुढं गेलेलं असतं, म्हणून हे काम गावातच कुणीतरी करायला शिकून ठेवलं पाहिजे.

राहिला पंप. सुरुवात साध्या पाण्यानं करावी: पंपात पाणी भरून आपल्या नेहमीच्या चालीनं एक गुंठा फवारायचा आणि किती लागलं ते मोजायचं. एकरी 200 लिटरच्या हिशेबानं गुंठ्याला पाच लिटर येतं. हे माहीत असलं, की शेवटच्या पंपात 16 लिटर कालवायचं की सात, हे ठरवता येतं, आणि उरतंच कमी. औषध कालवायची जागा ओढ्यापासून, पाटापासून आणि विहिरीपासून लांब, पाणी बादलीनं किंवा पिंपातून आणलेलं. पंप ओढ्यात बुडवून भरायचा नाही. बाटली रिकामी झाली की तिच्यात पाव भाग पाणी, अर्धा मिनिट खळबळून ते पंपातच, असं तीन वेळा. पाव लिटरच्या बाटलीत दर वेळी 60 मिली पाणी घेतलं आणि मिलीभर चिकटून राहिलं असं धरलं, तरी तिसऱ्या खळबळीनंतर सुरुवातीला चिकटलेल्या औषधाचा सव्वादोन लाखांतला एक हिस्सा उरतो. मग बाटलीला भोक पाडायचं, म्हणजे तिच्यात कुणी तेल भरणार नाही. पंपाचं धुतलेलं पाणी दोन-तीनदा थोडं थोडं घेऊन त्याच पिकावर, शेवटच्या ओळींवर मारून टाकायचं. तिथं ते औषध पान, माती आणि ऊन यांच्या ताब्यात जातं. आभाळ भरून आलेलं असताना फवारायचं नाही. आलेला पाऊस पैसेही धुऊन नेतो. आणि ओढ्याच्या काठचं पाच-दहा मीटर गवत तसंच राहू द्यावं. मातीला चिकटलेलं औषध तेच गवत अडवतं, आणि आपण त्यावरच तणनाशक मारून ते जाळतो, हे मला सगळ्यात जास्त खटकतं.

ओढा सुधारतो आहे का, हे पाहायला श्रावण सरल्यावर वाहत्या पाण्यातला तळहाताएवढा दगड उलटून बघावा. खालच्या अंगाला तीन शेपट्यांच्या चपट्या अळ्या सरपटताना दिसल्या, तर त्या मेफ्लायच्या, आणि पाणी बऱ्यापैकी आहे. फक्त लाल अळ्या आणि गाळातले केसासारखे किडे असतील, तर नाही. मेफ्लाय परत येते ती वरून वाहत आणि पंखांनी उडत, त्यामुळे विष थांबल्यावर काही महिन्यांत ती दगडाखाली दिसू लागते. गोड्या पाण्यातल्या खेकड्याचं तसं नाही. त्याची पिल्लं पाण्यात सुटी वाहत नाहीत. मादी ती पोटाखाली घेऊन हिंडते, म्हणून एका ओढ्यातले खेकडे गेले तर ते शेजारच्या ओढ्यातून चालतच यायला हवेत, आणि त्याला वर्षं लागतात. शिंपल्यांची अडचण याहून मोठी. त्यांच्या अळ्या माशाच्या कल्ल्यांना आणि परांना चिकटून वाढतात. ज्या ओढ्यात मासा चढत नाही, तिथं जुने शिंपले जिवंत असले तरी नवा शिंपला होत नाही. म्हणून फवारणीत कुठं हात आखडता घ्यायचा हे निवडायची वेळ आली, तर आधी ओढ्याचा उगमाकडचा पट्टा निवडावा. खालच्या सगळ्या पाण्यात जिवांचं बी तिथूनच उतरतं.